सुपडूआबांचा पानफाटा

रविवार, ११ डिसेंबर १९८८. सकाळी सहाची गाडी, जळगावहून पाल.
हजर: १. सुपडूआबा. २. कुळकर्णी सर. ३. इंदूताई. ४. वाल्मीक टेलर. ५. मी.
गैरहजर: कुणी नाही.
शेरा: कुळकर्णी सर दुपारी एक ते पाच गैरहजर.

वही माझी आणि वरचं अक्षरही माझं. शेऱ्याची ओळ मात्र सुपडूआबांनी लिहिलेली आहे, आणि तिच्याखाली त्यांच्याच हातच्या आणखी तीन ओळी आहेत. त्या ओळींपर्यंत येणारच आहे. आधी आबा.

सुपडू हे नाव आमच्या खान्देशात नवसासायासाच्या मुलाचं. बाळ जगावं म्हणून त्याला आधी सुपात घालतात आणि मग नाव ठेवतात. आबांना आपल्या नावाचा फार अभिमान होता. कुणी हसलं तर म्हणायचे, "हासू नका, मी पाखडीसन उरेल शे." चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी त्यांचं गाव. जळगावच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. खिडकीमागे बसून भोंग्यावरून गाड्या पुकारणारा आवाज त्यांचा. त्या आवाजाला सगळं शहर ओळखायचं, चेहऱ्याला फारसं कुणी नाही. चेहरा बारीक, मिशी पांढरी, उजव्या कानामागे कायम लाल-निळी पेन्सिल.

त्यांच्या तोंडात दोन भाषा होत्या. भोंग्यावर शुद्ध: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जळगावहून चोपड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." भोंगा बंद केला की त्याच श्वासात बाजूच्या माणसाला, "कथा चालनात भाऊ? बठ्ठी गाडी भरी गयी, पळा!" आमच्या खान्देशी बोलीत कथा म्हणजे कुठे, बठ्ठं म्हणजे सगळं.

मी असोद्याच्या शाळेत कारकून. कुळकर्णी सर तिथेच भूगोल शिकवायचे. दोघंही जळगावहून रोज बसने जायचो-यायचो. इंदूताई आरोग्य केंद्रात नर्स, त्यांचीही जा-ये बसनेच. वाल्मीक टेलरचं दुकान स्टँडसमोर. ड्रायव्हर-कंडक्टरांचे खाकी गणवेश तो शिवायचा. आम्ही एकमेकांना ओळखत होतो ते आबांच्या खिडकीमुळे. गाडीला उशीर असला की आबा खिडकीतून हात बाहेर काढून उत्तरेकडे दाखवायचे. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी स्टँडच्या पत्र्यावरून सातपुड्याची निळी रेघ दिसते.

"रोज एवढ्या गाड्या डोंगरना पायथाले धाडस मी," आबा म्हणायचे, "पन डोंगरमा जानारं एक तिकीट कोनी मांगत नही. आपला पोरेस्ले सातपुडा म्हंजे नुसती रेघ."

सरांनी एकदा चिडवलं, "मग सोडा की आबा एक गाडी जंगलात. थांबे तुम्हीच ठरवा."

सर थट्टेत बोलले होते. पुढच्या सोमवारी आबांनी खिडकीतून एक घडी घातलेला पुठ्ठा बाहेर सरकवला. तिकिटांच्या गट्ठ्याचा पाठकोरा पुठ्ठा, त्यावर लाल-निळ्या पेन्सिलीने वेळापत्रक लिहिलेलं. मार्ग क्रमांक एक: नाका, पळसथांबा, मोहाचा फाटा, सालईची चढण, झिऱ्यावर पंधरा मिनिटं विश्रांती, परत नाका. प्रत्येक थांब्यासमोर पोहोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ. वेळा मिनिटांत! आणि असे मार्ग सात.

हे सगळं हवेत नव्हतं. आबा आदल्या महिन्यात रजा टाकून पालच्या बाजूच्या राखीव जंगलाच्या रेंजरसाहेबांना भेटून आले होते. साहेब तरुण आणि हौशी. त्यांनी अट घातली होती: सात वाटा लिहून द्या, प्रत्येक वाट शहरातल्या साध्या माणसांना घेऊन दोनदा चाला, वही ठेवा. कुणी चुकलं नाही, कुणाला इजा झाली नाही, तर मी पाट्या लावतो आणि वाटा शाळांसाठी खुल्या करतो.

आबांना निवृत्त व्हायला तेव्हा दोन हिवाळे होते. सात वाटा, दोनदा, दोन हिवाळ्यांत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वही तुम्ही धरा, रजिस्टरबाई." त्या दिवसापासून मी रजिस्टरबाई झाले.

पहिल्याच रविवारी मी त्यांची शिस्त चाखली. जंगलाच्या नाक्यावर चहा पिऊन आम्ही निघणार, तोवर मी टपरीवर सुईदोरा मागायला गेले. आबांनी दिलेल्या सामानाच्या यादीत सुईदोरा होता आणि पिशवीत नव्हता, मला राहवेना. परत आले तर नाका रिकामा. दोन मिनिटांचा उशीर. पुढच्या थांब्यापर्यंत मी पळत गेले, तर आबा पळसाखाली घड्याळ बघत उभे.

"गाडी कोनाकरता थांबस नही," ते म्हणाले.

"अहो, पण वही माझ्याकडे होती!" मी म्हटलं.

"म्हनूनच तुमनं नाव पहिले लिखा. उशिरा."

इंदूताई हसून हसून खाली बसल्या. "बरं झालं हो आबा. शाळेत ही मास्तरांना लेटमार्कची भीती घालते."

आबांच्या चालण्यात एक मौज होती जी मला सांगता येते का बघते. ते जंगलात शिरले की त्यांचा भोंग्यावरचा आवाज सुटायचा, पण कुजबुजीत. "मार्ग क्रमांक तीन, अंजनथांबा मार्गे जाणारी मंडळी, कृपया डाव्या हाताला लक्ष द्यावे." आणि डाव्या हाताला खरंच काहीतरी असायचं. अंजनाच्या खोडावर अस्वलाच्या नख्यांचे ताजे ओरखडे. वाळलेल्या नाल्यात सायाळीचा काटा. साग पानं गाळून उभा असायचा आणि त्या उघड्या रानात सालईची खोडं उन्हात पांढरी चमकायची. आमच्यातल्या कुणीच, इतकी वर्षं जळगावात राहून, हे पाहिलेलं नव्हतं. वाल्मीक टेलर तर पहिल्या दिवशी प्रत्येक झाडाला हात लावत चालला होता, कापडाचा पोत बघतात तसा.

थांब्यांमध्ये एक प्रकार होता, "विनंती थांबा". कुणीही, कुठेही, हात वर करावा, सगळ्यांनी थांबायचं. कारण विचारायचं नाही. बोलायचं नाही. सर म्हणायचे, हा थांबा म्हणजे दमलेल्या माणसाची सोय. पण एका जानेवारीत वाल्मीकने हात वर केला तेव्हा तो दमलेला नव्हता. खालच्या डोहावर एक अस्वलीण पाणी पीत होती आणि तिच्या पाठीवर, केस घट्ट धरून, दोन पिल्लं बसली होती. वारा आमच्याकडे होता. तिला आमचा पत्ता नव्हता. आम्ही श्वास धरून उभे. तेवढ्यात माझ्या कानाशी भोंगा वाजला, इतका हळू की माशी बोलल्यासारखा: "गाडी क्रमांक एक. चालक आई. टपावर दोन प्रवासी. टपावरून प्रवास करण्यास सक्त मनाई आहे."

इंदूताईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला. त्यांचे खांदे गदगदत होते. अस्वलीण वळली, डुलत डुलत चढ चढून गेली. एक पिल्लू उलटं बसलं होतं आणि शेवटपर्यंत आमच्याकडे बघत होतं.

कुळकर्णी सर आणि आबा यांचं भांडण मात्र पहिल्या दिवसापासूनचं. सरांकडे नकाशा होता, होकायंत्र होतं, खिशात कायम खडू होता. आबा त्यातलं काही मानत नसत. त्यांना डावं-उजवंही नको असायचं. भोंग्यावर ठीक, एरवी त्यांच्या दोनच दिशा: डोंगरकडला हात आणि तापीकडला हात. पायथ्याच्या माणसाला तेवढं पुरतं. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला तापी, आणि त्यांच्या मधे सगळं आयुष्य. चुकलेल्या माणसासाठीही त्यांचा एकच नियम होता. तो ते दर रविवारी निघताना पुकारायचे, आम्हा सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचे:

"चुकनात ते काय करशात?"

"पहिलं थांबू. तीनदा शिट्टी मारू. पंधरा मिनिटं वाट पाहू."

"आनि कोनी नही उनं ते?"

"पाणी धरू."

"काबरं?"

"सगळं पाणी तापीला जातं."

"बठ्ठं!" आबा समाधानाने म्हणायचे आणि शिट्टी फुंकायचे.

सर नकाशा झटकत म्हणायचे, "आबा, भूगोल एवढा सोपा असता तर मला पगार कशाला मिळाला असता?" पण म्हणवून घेताना तेही मोठ्याने म्हणायचे. दोन हिवाळ्यांत त्या वाक्याने आम्हाला एकदाही फसवलं नाही. कुठलाही नाला धरला की तो आम्हाला रस्त्यावर आणून सोडायचा.

तर आता तो ११ डिसेंबर. सहा वाटा दोनदा झाल्या होत्या. वही स्वच्छ. सातवी वाट, धारेची, दुसऱ्यांदा चालायची की काम संपलं. आबा मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि शाळांना फेब्रुवारीत सहली काढता येतील असा त्यांचा हिशेब होता. त्या सकाळी त्यांनी कोरा खाकी शर्ट घातला होता. वाल्मीकने आदल्या दिवशी शिवून दिलेला.

सातवी वाट सगळ्यांत उंच. नाल्याने चढत जाऊन डोंगराच्या धारेवर पोहोचायचं, धारेवरून दोन तास चालायचं आणि दुसऱ्या नाल्याने खाली पालच्या रस्त्याला उतरायचं. धारेवर वारा असा होता की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. आम्ही उत्साहात होतो. इंदूताई गाणं म्हणत होत्या आणि ते आम्हाला नुसतं दिसत होतं. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजायचं काम माझं. एक वाजून पाच मिनिटांनी बेहड्याच्या थांब्यावर मी मोजली: चार.

पुन्हा मोजली. चारच.

सर मागे राहिले होते. नंतर कळलं, एका जुन्या अंजनाचा घेर ते दोरीने मोजत बसले होते. उठले तर वाटा दोन फुटलेल्या, आणि आम्ही दिसेनासे.

आम्ही मागे गेलो. शिट्ट्या मारल्या, वाऱ्याने त्या आमच्याच तोंडावर परत आणल्या. त्यांनीही मारल्या असणार. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. दोन वाजून गेल्यावर वाल्मीकला एका नाल्याच्या तोंडाशी खडकावर खडूची खूण सापडली. खाली वळलेला बाण, आणि शेजारी सरांच्या फळ्यावरच्या अक्षरात: "१.३०. पाणी धरलं."

आबांचा चेहरा फुलला. "देखा! मास्तरनी पानी धरं! आते काय चिंता नही, चाला." आणि ते त्या नाल्यात उतरले. आम्ही मागोमाग. नाल्यात पाण्याची बारीक धार होती, दगडांमधून खळखळत जाणारी. वीस-पंचवीस मिनिटं उतरलो असू. पुढे आबा, एकदम थांबले. हात वर केला. विनंती थांबा.

आम्ही होतो तिथे थांबलो.

आबांनी सूर्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग पुन्हा सूर्याकडे. दुपार कलली होती आणि नाला उतरताना ऊन आमच्या डाव्या गालावर पडत होतं. तापीकडे उतरताना दुपारचं ऊन उजव्या गालावर पडतं. आबांनी एक वाळकं पान उचलून पाण्यात टाकलं आणि ते कुठे जातंय ते पाहत राहिले. मग खाली बसले, त्या कोऱ्या शर्टानिशी, ओल्या दगडावर.

"हाई पानी तापीले जास नही," ते म्हणाले.

"मग कुठे जातं?" वाल्मीकने विचारलं.

"नर्मदाले."

धारेवर कुठेतरी, आमच्या लक्षात न येता, आम्ही पाण्याची बाजू बदलली होती. धारेच्या या अंगाचं पाणी तापीला, त्या अंगाचं नर्मदेला. आबांच्या गावात, त्यांच्या बापजाद्यांच्या बोलण्यात नर्मदा नव्हतीच. डोंगराच्या पलीकडे पाणी दुसरीकडे जात असेल हा विचार त्यांना कधी करावाच लागला नव्हता. आणि त्यांचं वाक्य मनात धरून सर गेला सव्वा तास चुकीच्या राज्यात उतरत होते.

"मी मास्तरले कथा धाडं!" आबा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

इंदूताई पुढे झाल्या. त्या रोज रडणारी माणसं बघतात. त्यांच्याकडे वेळ नसतो. "आबा, रडणं घरी. आत्ता सांगा, तुमची गाडी चुकीच्या रस्त्याला लागली तर तुम्ही काय करता?"

हा प्रश्न बरोबर खिडकीत जाऊन पडला. आबांनी मनगट वर केलं. "पावणेतीन," ते म्हणाले, आणि उठले. पुढचं ते बोलत गेले तसं मी वहीत लिहीत गेले. मास्तर आपल्यापुढे तासाभराने. मागे पळून सापडणार नाही. हा नाला उत्तरेला उतरतो, म्हणजे पलीकडच्या सडकेला कुठेतरी पूल असणार. पुलाजवळ वस्ती. मास्तर वस्तीत विचारणार. वस्ती सांगणार, गाडीची वाट पाहा. खरगोनकडून रावेरला येणारी गाडी. ती घाट चढून माथ्यावर येते...

"पाच वाजता!" आबा ओरडले. "पाचले घाटना माथाले! धारवरथून माथा दीड-दोन तास. आते पळा!"

आम्ही पळालो. चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका, एक पोट सुटलेला टेलर आणि सत्तावन्न वर्षांचे आबा सगळ्यांच्या पुढे. नाला पुन्हा चढलो, धार गाठली, धारेवरून पूर्वेला. इंदूताईंनी लुगड्यासारखा साडीचा काष्टा मारला. वाल्मीक दर दहा मिनिटांनी "मेलो" म्हणायचा आणि पुढे यायचा. कुसळं पायांत शिरत होती, मोर दचकून उडत होते, एकदा तर नीलगाईंचा कळप आमच्या बरोबरीने धावला आणि आम्ही त्यांच्याकडे बघितलंही नाही. आबा मागे वळून फक्त वेळ पुकारायचे. "साडेतीन! चार! चार वीस! प्रवाशांनी कृपया पाय उचलावेत!"

पाचला दहा कमी असताना आम्ही घाटमाथ्यावरच्या सडकेवर येऊन पडलो. अक्षरशः पडलो. सडक रिकामी. आणि मग खालून, वळणावळणाने, गिअर बदलत चढणाऱ्या गाडीची घरघर.

आबा सडकेच्या मधोमध उभे राहिले. शर्ट चिखलाने माखलेला, कानामागे पेन्सिल, हात वर. गाडी करकचून थांबली. ड्रायव्हर रावेर डेपोचा; आबांना ओळखत होता. तो खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"आबा? तुम्ही? इथे स्टँड कधी झालं?"

"गाडीमा मास्तर शे का?" आबांनी विचारलं. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

मागच्या खिडकीतून एक टक्कल बाहेर आलं. "आबा!" कुळकर्णी सर ओरडले. "तुमची तापी हरवली हो!"

गाडीतले प्रवासी बघत राहिले आणि आम्ही चौघं सडकेवर नाचलो. नाचलो हा शब्द मी विचार करून लिहिते आहे.

सर ठणठणीत होते. वस्तीतल्या एका म्हातारीने त्यांना मक्याची भाकर आणि उडदाचं वरण घातलं होतं. त्यांनी तिला तापी कुठे म्हणून विचारलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग, ज्या डोंगरावरून ते उतरले होते, त्या डोंगराच्या पाठीकडे तिने अख्खा हात दाखवला. गाडीत आबा त्यांच्या शेजारी बसले.

"मास्तर, तुमी भूगोल शिकाडतस ना?"

"सातवीला. वीस वर्षं. नर्मदा वर, तापी खाली, मधे सातपुडा. फळ्यावर काढतो."

"मंग काबरं पानी धरं?"

"पुस्तक आठवलं होतं आबा. पण तुमचा आवाज त्याच्या वर होता."

रावेरला आबांनी माझ्याकडून वही मागून घेतली, कानामागची पेन्सिल काढली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं. सरांच्या गैरहजेरीखाली त्यांच्या तीन ओळी अशा:

"चूक प्रवाशाची नाही. चूक नियंत्रकाची. नियंत्रकाने सर्वांना चुकीची सूचना वारंवार दिली."

पुढच्या आठवड्यात वही घेऊन आम्ही रेंजरसाहेबांकडे गेलो. साहेबांनी ते पान वाचलं, परत वाचलं. मग वही आबांकडे सरकवली. "आबा, माणूस त्याच दिवशी सापडला. ओरखडाही नाही. हे पान नव्याने लिहून आणा, मी सातही वाटांवर आज सही करतो."

मी मनात पान लिहून मोकळी झाले होते. सरसुद्धा म्हणाले, "माझी काही तक्रार नाही, साहेब."

आबा उभेच होते. "साहेब, उद्या पोरे जातीन त्या वाटवर," ते म्हणाले, आणि मग स्वतःला सावरून भोंग्याच्या भाषेत: "चुकीची सूचना दिली गेली, तर ती मागे घेतल्याची सूचनाही द्यावी लागते. तोवर गाडी सोडता येत नाही."

साहेबांनी सहा वाटांवर सही केली. सातवीसमोर लिहिलं: धारेवर पाणी जिथे बाजू बदलतं तिथे पाटी लागेपर्यंत बंद.

फेब्रुवारीत पहिली सहल गेली ती आमच्या असोद्याच्या शाळेची. मुली पळसथांब्यावर उतरल्यासारख्या थांबायच्या, मोहाच्या फाट्यावर "पुढे चला, पुढे चला" ओरडायच्या. एकीने विनंती थांबा मागितला आणि चाळीस मुली, मी डोळ्यांनी पाहिलं, दोन मिनिटं गप्प उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक मला म्हणाले, हे वर्गात का जमत नाही? आबांनी चुकलेल्यांसाठीचा नियम बदलला होता. आता मुली म्हणायच्या, "थांबू, शिट्टी मारू, आणि तिथेच बसून राहू."

पण आबांचं लक्ष सातवीवर. मार्चच्या सुरुवातीला साहेबांची खास परवानगी काढून आम्ही पाचजण पुन्हा धारेवर गेलो, पाणी नेमकं कुठे फुटतं ते शोधायला. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वेड्या आनंदाचा दिवस तो. धार कोरडी. तेव्हा आबांनी काय करावं? पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या काढल्या आणि दर दहा पावलांवर घोटभर पाणी ओतायला सुरुवात केली. सर त्यावर खडूचा चुरा टाकायचे म्हणजे ओघळ दिसावा. मग चौघं-पाचजण गुडघ्यांवर बसून त्या ओघळाकडे बघत.

"तापीले!" आबा ओरडायचे.

"नर्मदेला!" सर दहा पावलं पुढून.

"ती तापीच शे, मास्तर, तुमना चश्मा नर्मदाले जास!"

वाल्मीक टेपने अंतर मोजत होता आणि शिंप्याच्या निळ्या खडूने खडकावर रेघा मारत होता. पाचव्या बाटलीला, एका अंजनाच्या आणि एका सपाट खडकाच्या मधे, आबांनी ओतलेलं पाणी जरा घुटमळलं आणि दोन्हीकडे गेलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. वाल्मीकने निळी रेघ ओढली. "शिवण इथे आहे," तो म्हणाला.

आबांनी एक पाय रेघेच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवला आणि दोन्ही हात वर करून काय हसले ते! इंदूताईंना पाणी हवं होतं. पाचही बाटल्या रिकाम्या. खाली येईपर्यंत सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या, आणि कुणी तक्रार केली नाही.

पाटीवर काय लिहायचं यावर मात्र भांडण. सर म्हणाले, "जलविभाजक." शास्त्रीय शब्द, पुस्तकातला.

"कोनता पोऱ्याले कळी?" आबा म्हणाले. "गाड्या जठे दोन बाजूले फुटतीस त्याले काय म्हनतस? फाटा. मंग पानी फुटस तो पानफाटा."

सर दोन दिवस खिडकीसमोरून न बोलता गेले. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "वर्गात विचारलं. जलविभाजक म्हटल्यावर एकही हात वर नाही. पानफाटा म्हटल्यावर सगळ्यांचे. घ्या, तुमचाच." वाल्मीकच्या दुकानामागे आम्ही पाटी रंगवली: पिवळ्यावर काळं, पानफाटा, डावीकडे बाण नर्मदा, उजवीकडे बाण तापी.

पाटी वाळेपर्यंत रेंजरसाहेबांची बदली झाली. मेमध्ये आबा निवृत्त झाले. पावसाळ्यानंतर त्यांच्या मुलाने त्यांना सुरतेला नेलं. तो तिथे कापडाच्या कारखान्यात होता.

आम्ही स्टँडवर निरोपाला गेलो होतो. आबांना प्रवासी म्हणून खिडकीजवळ बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मांडीवर पिशवी, हातात तिकीट, आणि तिकिटाचं काय करावं हे न कळल्यासारखे ते त्याच्याकडे बघत होते. भोंग्यावरून नवा माणूस घाईघाईने गाडी पुकारत होता. आबांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. गाडी हलली तेव्हा ते खिडकीतून अर्धे बाहेर आले. मला वाटलं, काही निरोपाचं बोलणार.

"रजिस्टरबाई! पाटी खोल गाडा! दोन हात खड्डा! अस्वलं पाठ घासतीस!"

गाडी वळली. खिडकीबाहेरचा त्यांचा हात अजून दोन बोटं दाखवत होता. दोन हात.

खड्ड्यासाठी पहार आहे. सिमेंटची गोणी बदलून दुसरी आणली, पहिली दगड झाली होती. पाटी माझ्या शाळेच्या कार्यालयात कपाटामागे आहे, रंग टिकून आहे. नव्या साहेबांना अर्ज दिला, त्यांच्यानंतरच्यांनाही दिला. तिसरा अर्ज गेल्या महिन्यात परत आला, परवानगीसकट. फक्त पाटीच्या मजकुराला लाल शाईने काट मारून वर सुधारणा केली होती: "पानफाटा असा शब्द नाही. जलविभाजक असे लिहावे."

मी सरांना म्हटलं, एवढं बदलू या, वाट तरी खुली होईल.

सरांनी चष्मा काढला. ते आता निवृत्त आहेत आणि वाद घालायला त्यांना दिवसभर वेळ असतो. "रजिस्टरबाई, अर्जाचा कागद द्या," ते म्हणाले. चौथा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, चार पानं, नकाशासह. तो काल टपालात टाकला. सातवी वाट अजून बंद आहे.